कन्सील म्हणजे लपवणे, लपणे नाही: रोजच्या वाक्यात हा शब्द नेमका कसा वापरायचा

प्रश्न असा आलाय की डिक्शनरीत हाइड म्हणजे लपवणे आणि कन्सील म्हणजे पण लपवणे, मग दोन शब्द कशाला, रोजच्या वाक्यात कन्सील वापरायचा तर कसा, आणि बँकेच्या इंटरव्ह्यूची तयारी चालू आहे तर तिथे हाइडऐवजी कन्सील म्हटलं तर इंप्रेशन चांगलं पडेल का. मी गेली २४ वर्षं नाशिकमध्ये मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतेय आणि जोडीला कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे हा शब्द माझ्याकडे दोन्हीकडून येतो, मुलांच्या वह्यांतून पण येतो आणि लोकांच्या अफिडेव्हिटमधून पण येतो. थोडं लांबेल, पण नीट सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकीचं बरंचसं तिच्यामागून आपोआप येतं. मराठीत आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत, लपणे आणि लपवणे. लपणे हे स्वतःचं स्वतः, मांजर सोफ्याखाली लपलं, चंद्र ढगाआड लपला. लपवणे म्हटलं की कोणीतरी काहीतरी लपवतो, ताईने पत्र लपवलं, दादाने मार्कशीट लपवली. इंग्रजीतलं हाइड दोन्ही कामांना चालतं, द कॅट हिड अंडर द सोफा, आणि शी हिड द लेटर, दोन्ही बरोबर. कन्सीलचं तसं नाही. कन्सील म्हणजे फक्त लपवणे, लपणे कधीच नाही. त्यामुळे शी कन्सील्ड द लेटर हे बरोबर, पण द कॅट कन्सील्ड अंडर द सोफा हे चूक, कारण ऐकणारा तिथेच थांबतो, मांजराने सोफ्याखाली काय लपवलं? कन्सील म्हटलं की पुढे 'काय' याचं उत्तर यायलाच पाहिजे. आणि माणूस स्वतःच लपला असं म्हणायचंच असेल तर 'स्वतःला' हा शब्द घालावा लागतो, द थीफ कन्सील्ड हिमसेल्फ बिहाइंड द वॉटर टँक, म्हणजे चोराने स्वतःला पाण्याच्या टाकीमागे लपवलं. मराठीत आपण असं सहसा बोलत नाही म्हणून ते हिमसेल्फ विसरायला होतं, वह्या तपासताना सगळ्यात जास्त वेळा मला हीच चूक दिसते.

आता याच्यातली अवघड जागा. मराठीत आपण म्हणतो, 'निकाल बघितला आणि त्याचा आनंद लपत नव्हता'. इथे आनंद कर्ता आहे, आणि क्रियापद लपणे आहे. मुलं हे सरळ इंग्रजीत उतरवतात, हिज जॉय वॉज नॉट कन्सीलिंग, आणि वाक्य मोडतं. इंग्रजीला इथे माणूस पुढे आणावा लागतो, ही कुड नॉट कन्सील हिज जॉय, तो आपला आनंद लपवू शकला नाही. एकदा ही पलटी जमली की कन्सीलची निम्मी वाक्यं जमली असं समजा, कारण भावनांबरोबर हा शब्द फार छान बसतो आणि रोजच्या लिहिण्यात त्याची खरी जागा तीच आहे. राग, निराशा, आश्चर्य, कंटाळा, घाबरणं, या सगळ्यांबरोबर चालतो. शी ट्राइड टू कन्सील हर डिसअपॉइंटमेंट, तिने निराशा चेहऱ्यावर दिसू न द्यायचा प्रयत्न केला. ही मेड नो अटेम्प्ट टू कन्सील हिज अँगर, त्याने राग लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ही कुड बेअरली कन्सील हिज एक्साइटमेंट, त्याला कशीबशी उत्सुकता दाबता येत होती. मात्र 'मला हसू आवरेना' याला कन्सील लावू नका, आवरणं वेगळं आणि लपवणं वेगळं, हसू आवरलं नाही म्हणजे फुटलंच, तिथे आय कुड नॉट स्टॉप लाफिंग म्हणायचं. आणि हसू दाबून धरलं पण दुसऱ्याला कळू दिलं नाही, ओढणी तोंडाला लावली, मान खाली घातली, तर मात्र शी कन्सील्ड हर स्माइल.

मग दोन्ही शब्द जिथे चालतात तिथे कुठला घ्यायचा? वजन बघायचं. आईने मुलं खाऊन संपवतील म्हणून लाडवांचा डबा वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे ठेवला, तर माय मदर हिड द लाडूज. इथे कन्सील्ड म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण आई एकदम पोलिसांच्या पंचनाम्यातली वाटायला लागते. लपाछपीला हाइड अँड सीकच म्हणतात, कन्सील अँड सीक असं कोणी म्हणत नाही. लहान पोरगं हात पाठीमागे धरून उभं असेल तर त्याला आपण विचारणार, व्हॉट आर यू हाइडिंग? तिथे कन्सीलिंग म्हटलं तर कोर्टातली उलटतपासणी वाटेल. एक्सेलमध्ये रो लपवायची तर मेनूत हाइड लिहिलेलं असतं आणि परत आणायची तर अनहाइड. व्हॉट्सअ‍ॅपवर लास्ट सीन लपवायचं तरी बोलताना आपण हाइडच म्हणतो. म्हणजे तोंडी, घरात, मित्रांत, मोबाइलवर हाइड. कन्सील हा लिहिण्यातला शब्द आहे, बातमीत, कागदपत्रात, कथा-कादंबरीत, आणि वर सांगितलं तसं भावनांबरोबर. आपल्याकडे 'लपवणे' आणि 'दडवणे' मध्ये जो थोडासा फरक कानाला जाणवतो ना, तसंच काहीसं. लाडू लपवले म्हणतो पण उत्पन्न दडवलं म्हणतो. पुरावा दडवला, साठा दडवला, माहिती दडवली. जिथे मराठीत तुमच्या तोंडी दडवणे आपोआप येतं तिथे कन्सील बहुतेक वेळा शोभतो, ही माझी स्वतःची कसोटी आहे, पुस्तकात नाही मिळणार, पण वर्गात ती चांगली चालते.

वजनावरून एक प्रसंग सांगते, कारण यात एका मुलीला खरोखर त्रास झाला. माझी जुनी विद्यार्थिनी, पुण्याला एका कंपनीत लागली, नवीनच होती. एका कामाची डेडलाईन दोन दिवस अलीकडे आली आणि ते तिला कोणी सांगितलंच नाही, तिचा टीम लीडर सुट्टीवर गेला होता, त्यात राहून गेलं. तिने मेल लिहिली, सर, यू कन्सील्ड द न्यू डेडलाईन फ्रॉम मी. तिच्या मनात एवढंच होतं की तुम्ही मला सांगितलं नाहीत. पण वाचणाऱ्याला काय कळलं, तर तुम्ही मुद्दाम, ठरवून, माझ्यापासून ही गोष्ट दडवलीत. मेलमध्ये आणखी दोन वरिष्ठ कॉपीत होते. तिला बोलावून घेतलं, खुलासा मागितला, आणि ती रात्री मला फोन करून रडत होती की मॅडम मी काय चुकीचं लिहिलं, डिक्शनरीत तर हाच अर्थ आहे. अर्थ हाच आहे, पण कन्सीलच्या पोटात 'मुद्दाम' बसलेलं आहे. न सांगणं आणि लपवणं यात आपण मराठीतही फरक करतो की, 'तू सांगितलं नाहीस' आणि 'तू लपवलंस' ही दोन वाक्यं आपल्या नवऱ्याला किंवा बहिणीला म्हणून बघा, दुसऱ्या वाक्याला भांडण होतं. तिने लिहायला हवं होतं, आय वॉज नॉट टोल्ड अबाउट द न्यू डेडलाईन, किंवा आणखी मऊ, आय वॉज नॉट अवेअर ऑफ द न्यू डेडलाईन. यात कोणावरच बोट नाही. तर रोजच्या वाक्यात कन्सीलचा कर्ता जर समोरचा माणूस असेल, यू कन्सील्ड, तर दोनदा विचार करा, तो आरोप आहे. कर्ता आपण स्वतः असू तर ती कबुली आहे. हे विसरून काही मुलं रजेच्या अर्जात लिहितात आय कन्सील्ड माय इलनेस, त्यांना म्हणायचं असतं की मी आजारपण कोणाला सांगत बसले नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं कबुलीजबाब आलाय.

हे 'मुद्दाम' मी माझ्या मनाने घातलेलं नाही, आपल्या कायद्यातच ते दिसतं. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि त्यात अ‍ॅक्टिव्ह कन्सीलमेंट ऑफ अ फॅक्ट असे शब्द आहेत, म्हणजे माहीत असलेली गोष्ट प्रयत्न करून दडवणे. आणि त्याच कलमाच्या खाली स्पष्टीकरण आहे की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही, बोलणं हे कर्तव्यच असेल किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल तर गोष्ट वेगळी. घर विकताना भिंतीच्या ओलीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मालक बोलला नाही, हे एक झालं. पण तेवढ्याच डागावर घाईघाईने रंग मारून कपाट पुढे सरकवलं, तर ते कन्सील. द ओनर कन्सील्ड द डॅम्प पॅच बिहाइंड अ कपबोर्ड. हात हललेत, काहीतरी केलंय. शब्दाचा हा स्वभाव इतक्या स्पष्टपणे मला कुठल्या डिक्शनरीतही सापडला नव्हता, भाषांतर करताना या कलमात सापडला.

आता 'पासून' या शब्दाबद्दल. माझ्यापासून लपवलं, आईपासून लपवलं, यातलं पासून म्हणजे फ्रॉम, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे कारण इंग्रजी पण तेच मागते. ही कन्सील्ड हिज रिझल्ट फ्रॉम हिज फादर. दे कन्सील्ड द बॅड न्यूज फ्रॉम ग्रँडमदर. चूक होते ती टू लावल्याने, कन्सील्ड टू हिज फादर, आणि ती येते टोल्ड टू ची जी आधीपासूनची सवय आहे तिच्यातून. पासून मनात म्हणा, फ्रॉम येईल. कुठे लपवलं हे सांगायचं असेल तर आत साठी इन किंवा इनसाइड, खाली साठी अंडर, मागे साठी बिहाइंड, यात काही विशेष नाही. अजून एक, 'त्याने लपवलं की त्याची नोकरी गेलीये' असं मोठं वाक्य असेल तर मध्ये द फॅक्ट दॅट टाकायचं, ही कन्सील्ड द फॅक्ट दॅट ही हॅड लॉस्ट हिज जॉब. नुसतं कन्सील्ड दॅट कधीतरी वाचायला मिळतं पण द फॅक्ट घातलं की वाक्य भक्कम होतं.

आणि एक निरीक्षण सांगते. मराठी मुलं कन्सील कधीकधी त्याच्या रूपांमुळे उचलतात. हाइड, हिड, हिडन, यात गोंधळ होतो, कोणी हाइडेड लिहितो, कोणी आय हॅव हिड, आणि कन्सीलला सरळ ईडी लावलं की झालं, कन्सील, कन्सील्ड, कन्सील्ड. भीतीपोटी घेतलेला शब्द मग लाडवांच्या डब्यावर जाऊन बसतो. त्यापेक्षा हिड आणि हिडन दोन दिवस घोकून पाठ करा, ते रोज लागणार आहेत.

उच्चाराचं पण बोलायला हवं, कारण मराठी तोंडात तीन शब्द एकमेकांत मिसळतात, कन्सील, कॅन्सल आणि काउन्सिल. कॅन्सलमध्ये आणि काउन्सिलमध्ये जोर पहिल्या भागावर असतो, कॅन् आणि काउन् जोरात आणि पुढचं गिळलेलं. कन्सीलमध्ये उलटं, क अगदी हलका, आणि सील लांब आणि जोरात. आपण तिन्ही शब्द सारख्याच जोराने म्हणतो आणि फोनवर समोरचा गोंधळतो. मी वर्गात सांगते की पाकीट सील करतो ना, तो सील म्हणा आणि आधी हलकासा कन् लावा. लक्षात ठेवायला सोपं म्हणून, बरं का, सीलबंदवाल्या सीलचं आणि याचं नातं काही नाही, स्पेलिंगही सारखं दिसत असलं तरी ई-ए-एल कडे फक्त आठवणीची खूण म्हणून बघा. कन्सीलचं खरं मूळ लॅटिनमधल्या सेलारे या शब्दात, त्याचा अर्थ लपवणे, झाकणे, आणि तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दांना इंग्रजीत असाच एक दरबारी वास असतो, आणि हाइड मात्र इंग्रजीच्या घरचाच जुना शब्द, म्हणून तो स्वयंपाकघरात चालतो. आपल्याकडे एखादा फारसी शब्द कचेरीत रुळलाय आणि देशी शब्द घरात, तसंच.

गंमत म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही असे आपण समजतो ती माणसं हा शब्द रोज वापरतात. इलेक्ट्रिशियनला विचारा, तो पहिलं विचारेल, कन्सील करायचंय का ओपन? भिंतीत खाच मारून पाइप टाकून त्यातून वायर ओढून वरून प्लास्टर, ते कन्सील वायरिंग, आणि भिंतीवरून पट्टीतून नेलेली ती ओपन. प्लंबरकडे कन्सील फिटिंग, बाथरूममध्ये नळाची लाईन भिंतीच्या आत, फ्लशची टाकीसुद्धा भिंतीत. यातला अर्थ अगदी शंभर टक्के बरोबर आहे, वस्तू आहे, काम करतेय, फक्त कोणीतरी मेहनत घेऊन नजरेआड केलीये. व्याकरणात फक्त शेवटचा ड गळालाय, लिहिताना कन्सील्ड वायरिंग असं लिहायचं, कारण लपवलेली वायरिंग, लपवणारी नव्हे. फिक्स्ड डिपॉझिटचं आपण फिक्स डिपॉझिट करतो तसाच तो ड गेलाय. बोलताना तसंच बोला, इलेक्ट्रिशियनला ड ऐकवायची गरज नाही, पण कोटेशन इंग्रजीत करताय किंवा फ्लॅटची जाहिरात लिहिताय तर ड लागणारच. पार्लरमधला कन्सीलर पण याच घरातला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पुटकुळ्यांचे डाग, यांना झाकणारा. तिथे वाक्य करताना कव्हर आणि कन्सील दोन्ही चालतात, धिस विल कन्सील युवर डार्क सर्कल्स.

हिडन आणि कन्सील्ड ही दोन विशेषणं मात्र आपापल्या जागा सोडत नाहीत. हिडन चार्जेस, हिडन टॅलेंट, हिडन अजेंडा, इथे कन्सील्ड बसवायला जाऊ नका. टॅलेंट कोणी मुद्दाम दडवलेलं नसतं, ते दिसलेलं नसतं एवढंच. उलट शस्त्र, वायरिंग, दरवाजाचा आतला बिजागर, यांना कन्सील्ड. कॅमेऱ्याला दोन्ही.

इंग्रजी पेपर वाचायची सवय असेल तर मुंबई विमानतळावर सोनं पकडल्याच्या बातम्या शोधून वाचा, कन्सील्ड हा शब्द त्यात हमखास सापडेल. द गोल्ड वॉज कन्सील्ड इन द हँडल ऑफ अ सूटकेस, अशा धर्तीची वाक्यं. कस्टम्स कायदा १९६२ चा, त्याचं कलम ११९ तर असं आहे की तस्करीचा माल दडवायला जी वस्तू वापरली असेल ती सुद्धा जप्त होऊ शकते, म्हणजे सोन्याबरोबर ती बॅग पण गेली. या बातम्यांमधून पॅसिव्ह फार छान शिकता येतं, वॉज कन्सील्ड इन, वॉज कन्सील्ड अंडर, वॉज फाउंड कन्सील्ड. कोणी लपवलं ते अजून कोर्टात ठरायचंय, म्हणून बातमीदार माणसाचं नाव टाळून वस्तूपासून वाक्य सुरू करतो. मी मुलांना अशी बातमी कापून आणायला सांगते आणि त्या वाक्याचं मराठी करून परत इंग्रजी करायला लावते, एक बातमी तासभर पुरते.

जवळच्या शब्दांचा गोंधळ घालवायला मी वर्गात पांडवांचा अज्ञातवास घेते, कारण ती गोष्ट सगळ्यांना येते आणि सगळे प्रकार तिच्यात एकत्र सापडतात. वर्षभर ते विराटाच्या राज्यात लपून राहिले, हे लपणे, म्हणून दे हिड इन विराटाज किंगडम, इथे कन्सील्ड नाही. नगरात शिरायच्या आधी त्यांनी शस्त्रं गुंडाळून शमीच्या झाडावर ठेवली आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून झाडाला प्रेत बांधलं. मुद्दाम, विचार करून, दुसऱ्याला कळू नये म्हणून केलेलं काम, दे कन्सील्ड देअर वेपन्स इन अ शमी ट्री. यापेक्षा नेमकं कन्सील मला दुसरीकडे सापडलेलं नाही. अर्जुन बृहन्नडा झाला, भीम बल्लव झाला, ते समोर दिसत होते, रोज राजवाड्यात वावरत होते, पण वेगळेच कोणी म्हणून दिसत होते, ते डिसगाइज. अर्जुना डिसगाइज्ड हिमसेल्फ अ‍ॅज बृहन्नडा. आणि वेष बदलून त्यांनी दडवलं काय, तर ओळख, दे कन्सील्ड देअर आयडेंटिटी फॉर अ यिअर. एका गोष्टीत तिन्ही शब्द आले, आणि मुलं हे विसरत नाहीत, दसऱ्याला शमीची पूजा होताना बघितलेली असते ना.

बाकीच्यांना आपल्याच वाक्प्रचारांची जोडी लावा. पांघरूण घालणे म्हणजे कव्हर अप, घोटाळ्यावर पांघरूण घातलं, दे कव्हर्ड अप द स्कॅम. दाबून टाकणे म्हणजे सप्रेस, बातमी दाबली, रिपोर्ट दाबला. हातचं राखून सांगणे म्हणजे विथहोल्ड, थोडं सांगितलं आणि थोडं ठेवलं. पोटात ठेवणे हे या सगळ्यांपेक्षा चांगलं, त्यात विश्वास आहे, मैत्रिणीची गोष्ट पोटात ठेवली, आय केप्ट हर सीक्रेट, तिथे कन्सील आणलात तर मैत्रीलाच संशयाचा वास येईल.

इंटरव्ह्यूबद्दल. मोठा शब्द टाकून इंप्रेशन पडत नाही, चुकीच्या जागी मोठा शब्द पडला की मात्र लगेच कळतं. विकनेस काय असं विचारलं आणि तुम्ही म्हणालात आय डोन्ट वॉन्ट टू कन्सील एनिथिंग, तर समोरच्याला उगीच वाटणार की आता काहीतरी मोठं बाहेर येतंय. आय विल बी ऑनेस्ट विथ यू म्हणा, साधं आणि सरळ. पण बँकेत लागल्यावर हा शब्द तुमच्या टेबलावर येणार आहे, कर्जाच्या अर्जाबरोबरच्या कागदांत, प्रतिज्ञापत्रांत, तिथे तो वाचता आणि समोरच्याला समजावता यायला पाहिजे. म्हणून ते एक वाक्य इथे फोडून दाखवते, आपल्या देशात लाखो लोक ते न वाचता सही करतात.

इंग्रजी अफिडेव्हिटच्या शेवटी साधारण असं असतं, द कंटेंट्स ऑफ धिस अफिडेव्हिट आर ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ अँड नथिंग मटीरियल हॅज बीन कन्सील्ड देअरफ्रॉम. मराठी मसुद्यात 'यात कोणतीही माहिती लपवून ठेवलेली नाही' असं येतं ते हेच. हॅज बीन कन्सील्ड, म्हणजे दडवण्यात आलेलं आहे, आधी नथिंग असल्यामुळे काहीही दडवण्यात आलेलं नाही. देअरफ्रॉम मध्ये आपला तोच फ्रॉम बसलाय, यातून, यापासून. आणि मटीरियल म्हणजे इथे साहित्य नाही, कापड नाही, मटीरियल म्हणजे ज्याने निर्णय बदलू शकतो असं महत्त्वाचं.

मागच्या जूनमध्ये एका विद्यार्थ्याचे वडील असाच एक कागद घेऊन आले होते, मुलाच्या स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचं अफिडेव्हिट, टाइप करून आणलेलं, सही राहिली होती. म्हणाले मॅडम, सही करायच्या आधी एकदा काय लिहिलंय ते सांगा, हे मटीरियल कुठलं विचारतायत, आमच्याकडे तर काही माल नाही. मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसले आणि बोट ठेवून एकेक शब्द सांगत गेले, नथिंग, काहीही नाही, मटीरियल, महत्त्वाचं, कन्सील्ड. कन्सील्डला ते म्हणाले, हे आमच्या घरच्या वायरिंगमध्ये आहे की, कन्सील. म्हटलं तेच, भिंतीच्या आत घातलेलं, म्हणजे तुम्ही इथे लिहून देताय की मी कुठलीच कामाची गोष्ट भिंतीच्या आत घातलेली नाही. ते थोडा वेळ कागदाकडे बघत बसले, पेन हातातच होतं. मग म्हणाले, शेताच्या कडेला एक शेड आहे, ती कांद्याच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलीये, वर्षाचे थोडे पैसे येतात, ते यात धरलेले नाहीत, टाइप करणाऱ्याने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. ते पण लिहायला लागेल ना? मी म्हटलं लागेल. त्यांनी सही न करता कागद परत पिशवीत ठेवला, आणि दुपारी तो नव्याने टाइप करून, शेडच्या भाड्याची ओळ घालून, घेऊन आले.